उजवं वळण

कागदावर त्याचं नाव 'रॉयल रिसीट'.
तेवीस शर्यती, एकदा तिसरा.
मागच्या पानावर बारीक अक्षरात:
पुढचा डावा पाय, शीर सुजली होती, आता बरी.

पतसंस्थेत एकवीस वर्षं मी असलेच कागद वाचले.
थकबाकीदार कुठल्या वाक्यात लपतो, मला कळतं.
म्हणून पुण्याच्या तबेल्यात वाकून
आधी त्याच्या नळीवरून हात फिरवला,
वर-खाली, वर-खाली.
गार होती.
डोळ्यांकडं बघितलं ते जरा उशिराच.

टेम्पोत चढवताना नानूसिंगनं दोर माझ्या हातात दिला नाही,
फळी लागेपर्यंत स्वतःच धरून राहिला.
"गुणगुणत राहा," म्हणाला. "काहीही चालतं.
गप्प बसलात तर बिथरतो."
खंबाटकी, उंब्रज, पेठ नाका,
केबिनच्या मागच्या जाळीला तोंड लावून
मी पाढे म्हणत आले.
एकोणीसच्यात अडखळले, त्यानं पाय आपटला.

कसबा बावड्यात उसाच्या बांधाला लागून पत्र्याची शेड.
नणंद म्हणाली, "ह्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या,
दूध तरी दिलं असतं."
खरं होतं. मी भाताचं काड पसरत राहिले.

दस्तगीरनं त्याचे ॲल्युमिनियमचे नाल काढले,
तळहातावर तोलले.
"नाल हैत का चकल्या?"
आणि लोखंडी ठोकले.
पहिल्या पावलाला तो स्वतःच्याच आवाजाला दचकला.

तीन महिने नुसतं खाणं आणि उन्हात उभं राहणं नाही,
कारण उभं राहणं त्याला येतच नव्हतं.
हुद्दार डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोडा मोकळा, उतरू दे.
काय उतरू दे, ते त्यांनी सांगितलं नाही.
पलीकडं गुऱ्हाळ पेटलं
की नाक वर करून कुंपणाच्या कडेकडेनं फिरायचा.
गुळाचा खडा पहिल्यांदा दिला
तेव्हा खडा खाली पाडला, हात चाटत बसला.

मग खोगीर.
जॉकीला म्हणे चालत्या घोड्यावर उचलून टाकतात.
इथं मी, एकाहत्तर किलो, पन्नाशीचे गुडघे,
लाकडी पायरी उचलून त्याच्या मागं मागं.
डावीकडं वळणं ठाऊक नाही:
पुण्याची शर्यत उजवीकडं फिरते,
त्याचं सगळं जगणं उजव्या हाताला.
आणि लगाम ओढला की
(हे कुठल्याच कागदावर नव्हतं)
तो पळतो. ओढणं म्हणजे त्याच्या भाषेत, चल.

रविवारी माळावर कुस्त्या होत्या.
हलगी तडतडली, भोंग्यातनं कुणीतरी आकडा ओरडला,
आणि माणसं एकदम उठली. तो आवाज.
माझ्याखाली त्याची पाठ आवळली,
कान पुढं, बरगड्यांतनं थरथर,
समोर नसलेल्या एका दाराकडं बघत.
माझे हात मागं निघालेच होते.
तोंडातनं आलं, सतरा एके सतरा,
सतरा दुणे चौतीस,
आणि मी मुठी उघडल्या.
लगाम मानेवर पडला.
सतरा त्रिक एक्कावन्न.
माळावर कुणीतरी चितपट झालं,
फेटे उडाले,
ह्यानं एक लांब श्वास सोडला, नाकातनं,
आणि मान खाली घालून
बांधावरची हरळी ओढली.
मी घामानं चिंब. पाढा पुढं म्हणायचा राहिला.

आता मुजावरांची इफ्फत येते शिकायला, नऊ वर्षांची.
पहिल्याच दिवशी विचारलं, "किती जोरात पळतो ओ ह्यो?"
"उभा राहतो," मी म्हटलं.
तिला ते फारसं आवडलं नाही.
पायरीवर चढली, तो हलला,
उतरली, परत चढली.

डावीकडं अजून लांबनं वळतो,
उसानं भरलेल्या गाडीगत, सगळा कोपरा खात.
मी मधोमध उभी राहून फिरते त्याच्याबरोबर.
चक्कर येते मलाच.